मुंबई ते न्यूयॉर्क नेमकं किती? दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर न चुकता काढण्याची पद्धत

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर विचारलं की चार जण चार आकडे सांगतात: ६,७६७, ७,७८७, १२,५३२ आणि १२,५५१. चारही बरोबर आहेत. पहिला सागरी मैलांत आहे, दुसरा साध्या मैलांत, तिसरा पृथ्वी पूर्ण गोल धरून किलोमीटरमध्ये, आणि चौथा ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेऊन. याच प्रश्नाला २,४००, १४,३०० आणि १६,५०० अशीही उत्तरं येतात, आणि ती साफ चुकीची आहेत. ती देणाऱ्याने सूत्र बहुतेक वेळा बरोबरच लिहिलेलं असतं.

सूत्र एका ओळीचं आहे. घोटाळा होतो तो त्याच्या आधी आकडे भरताना आणि नंतर उत्तर वाचताना. म्हणून खाली सूत्राला कमी जागा दिली आहे आणि तयारीला जास्त. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ. तुमची जोडी वेगळी असेल तर शेजारी कागदावर तीच सोडवत चला.

लागेल ते एवढंच: कागद, सायंटिफिक कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट, आणि घरात असलाच तर पृथ्वीचा गोल व दोरा.

पायरी १: अंतर कशासाठी हवं आहे ते आधी लिहा

ही पायरी सगळे टाळतात. पण कुठलं एकक घ्यायचं, किती अचूकता पुरे आणि थांबे मोजायचे की नाही, हे सगळं इथेच ठरतं.

नुसतं कुतूहल असेल किंवा शाळेचा प्रकल्प असेल तर गोल पृथ्वीवरचं उत्तर पुरतं. अंतरावर पॉइंट देणाऱ्या विमानकंपन्यांच्या योजनांसाठी साधे मैल लागतात. उड्डाण किती तासांचं असेल हे हवं असेल तर नुसत्या अंतराने भागत नाही, त्यासाठी शेवटची पायरी वाचा.

नुकसानभरपाईचं प्रकरण असेल तर जरा जपून. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भरपाईची रक्कम अंतरावर ठरते, १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या तिथल्या सीमारेषा आहेत, आणि अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत छोट्या वाटेने मोजायचं असं नियमच सांगतो. एकाच बुकिंगवर मध्ये थांबा असला तरी पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांच्यामधलं थेट अंतरच धरलं जातं. भारतात विमान रद्द झाल्यावर मिळणारी भरपाई मात्र अंतरावर नाही, वेळापत्रकातल्या प्रवासाच्या वेळेवर ठरते. तिथे हा सगळा खटाटोप करू नका.

कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत थेट अंतरात थोडी भर घालतात. ५५० किलोमीटरच्या आत ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १२५ किलोमीटर. कारण विमान सरळ रेघेवर कधीच उडत नाही.

पायरी २: शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

"न्यूयॉर्क" हे ठिकाण नाही, तिकिटावरचा कोड हे ठिकाण. जेएफके, ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क, एलजीए म्हणजे लाग्वार्डिया. तिन्ही न्यूयॉर्कच्या नावावर खपतात. शोध घेताना एनवायसी असं टाकलं तर तो शहराचा कोड झाला, विमानतळाचा नव्हे.

आपल्याकडेही आता हे बघावं लागतं. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. गोव्यात दाभोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. बारा हजार किलोमीटरच्या प्रवासात नवी मुंबई की सांताक्रूझ याने उत्तरात मोठा फरक पडत नाही, पण पुणे-मोपासारख्या छोट्या टप्प्यात पडतो.

एका अक्षराने देश बदलतो हेही पाहा. एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, आणि एसजेओ म्हणजे कोस्टा रिकाची राजधानी.

*तपासा:* कोड तिकिटावरून घेतला आहे ना? आठवणीतून लिहिला असेल तर पुन्हा बघा.

पायरी ३: अक्षांश-रेखांश घ्या आणि चिन्हं लावा

दहांतल्या आठ चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे घाई नको.

विमानतळाचे अक्षांश-रेखांश विकिपीडियावर किंवा नकाशावर मिळतात. गुगल मॅप्सवर संगणकावरून धावपट्टीवर उजवं क्लिक केलं की सर्वांत वर दोन आकडे दिसतात: आधी अक्षांश, मग रेखांश. धावपट्टीचं नेमकं कुठलं टोक घ्यायचं याची चिंता नको. एवढ्या लांबच्या अंतराला शे-पाचशे मीटर कुणी विचारत नाही.

आपल्या उदाहरणासाठी:

मुंबई: अक्षांश १९.०८८७, रेखांश ७२.८६७९
जेएफके: अक्षांश ४०.६३९७, रेखांश −७३.७७८९

आता तीन सापळे.

*पहिला, मिनिट-सेकंदांचा.* जेएफकेचा अक्षांश बऱ्याच ठिकाणी ४०°३८′२३″ उत्तर असा दिलेला असतो. तो ४०.३८२३ नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागायचं: ४० + ३८/६० + २३/३६०० = ४०.६३९७. नुसता ठिपका सरकवला तर विमानतळ तिथल्या तिथे जवळजवळ २९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. उत्तर पाहून ही चूक लक्षात येत नाही, कारण ते दिसायला ठीकच दिसतं.

*दुसरा, चिन्हाचा.* उत्तर अक्षांश अधिक, दक्षिण वजा. पूर्व रेखांश अधिक, पश्चिम वजा. मुंबई-न्यूयॉर्क ही जोडी या बाबतीत भलतीच फसवी आहे. मुंबई ७२.८७ पूर्वेला आणि जेएफके ७३.७८ पश्चिमेला, आकडे जवळजवळ सारखेच. वजा चिन्ह विसरलात की दोन्ही ठिकाणं एका रेघेत येतात, न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात ओश शहराच्या पूर्वेला डोंगरांत जाऊन बसतं, आणि अंतर निघतं सुमारे २,४०० किलोमीटर. सुरुवातीला सांगितलेला तो २,४०० हाच.

*तिसरा, अदलाबदलीचा.* काही नकाशा-फायलींत आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. मुंबईचे आकडे उलटे झाले तर ७२.८७ हाच अक्षांश होतो आणि आपण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोचतो. अक्षांश ९० च्या वर जात नाही, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचा १२२ अक्षांशाच्या रकान्यात पडला तर चूक लगेच कळते. मुंबईचा ७२ मात्र खपून जातो.

*तपासा:* दोन्ही जोड्या जशाच्या तशा नकाशाच्या शोधपट्टीत टाका. टाचणी धावपट्टीजवळ पडली तरच पुढे जा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि तिन्ही सापळे त्यात पकडले जातात.

पायरी ४: उत्तर काढण्याआधी त्याला कुंपण घाला

सूत्राला हात लावण्याआधी दोन आकडे काढून ठेवा: उत्तर कमीत कमी किती असू शकतं आणि जास्तीत जास्त किती. शाळेत ही पायरी कुणी शिकवत नाही. माझ्या मते सूत्रापेक्षा हीच जास्त कामाची आहे.

पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.१९५ किलोमीटर (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून).

*खालची हद्द:* दोन अक्षांशांतला फरक × १११.१९५. इथे २१.५५१ × १११.१९५ म्हणजे सुमारे २,३९६ किलोमीटर. यापेक्षा कमी उत्तर शक्यच नाही.

*वरची हद्द:* समजा विमान मुंबईहून थेट उत्तर ध्रुवावर गेलं आणि तिथून सरळ खाली न्यूयॉर्कला उतरलं. ही वाट नेहमीच उपलब्ध असते, त्यामुळे सर्वांत छोटी वाट यापेक्षा लांब असूच शकत नाही. १८० मधून दोन अक्षांशांची बेरीज वजा करा, चिन्हांसकट. १८० − (१९.०८८७ + ४०.६३९७) = १२०.२७१६ अंश, म्हणजे सुमारे १३,३७४ किलोमीटर. दोन्ही विमानतळ दक्षिण गोलार्धात असतील तर ध्रुव दक्षिणेचा घ्यायचा. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर बेरीज वजा आली तरी तिचं वजा चिन्ह काढून टाका आणि ती १८० मधून वजा करा.

आता सुरुवातीचे चुकीचे आकडे या कुंपणात बसतात का पाहा. अक्षांश-रेखांशांचे फरक घेऊन पायथागोरस लावला की १६,५०० च्या आसपास येतं. थोडा शहाणपणा करून रेखांशाच्या फरकाला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं तर १४,३०० च्या थोडं वर. दोन्ही १३,३७४ च्या पलीकडे, म्हणजे दोन्ही बाद. २,४०० हा खालच्या हद्दीला अगदी चिकटलेला आहे. उत्तर हद्दीला एवढं चिकटलं असेल आणि दोन ठिकाणं एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिणेला नसतील, तर मागे जाऊन चिन्हं बघा.

कुठल्याही जोडीला लागू असलेली एक हद्द आणखी आहे: २०,०१५ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा अर्धा फेरा. त्यापुढचं उत्तर आलं तर चूक कुठे आहे ते नंतर शोधा, ते उत्तर आधी खोडा.

पायरी ५: सूत्र

गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापल्यावर मिळणाऱ्या मोठ्या वर्तुळावरून. त्या वाटेचा केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि त्याचे किलोमीटर करायचे.

कोनाचा कोसाइन = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

*इशारा:* कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का? साइन ३० दाबा. ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर तो रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर आहे. स्प्रेडशीट नेहमी रेडियनच धरते, तिथे प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि शेवटचं उत्तर परत अंशांत आणावं लागतं. यातलं एक टोक विसरणं ही स्प्रेडशीटवाल्यांची नेहमीची चूक.

रेखांशांतला फरक: ७२.८६७९ − (−७३.७७८९) = १४६.६४६८ अंश. वजा-वजा अधिक होतं, हे लिहूनच करा.

आता टप्प्याटप्प्याने:

साइन १९.०८८७ = ०.३२७०३
साइन ४०.६३९७ = ०.६५१३०
गुणाकार = ०.२१३००

कोसाइन १९.०८८७ = ०.९४५०१
कोसाइन ४०.६३९७ = ०.७५८८२
कोसाइन १४६.६४६८ = −०.८३५३०
तिघांचा गुणाकार = −०.५९८९९

बेरीज = −०.३८५९९

याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की ११२.७०५ अंश. तो १११.१९५ ने गुणला की १२,५३२ किलोमीटर.

बेरीज वजा आली म्हणून दचकू नका. कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे, म्हणजे अंतर दहा हजार किलोमीटरच्या वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. बेरीज १ च्या वर किंवा −१ च्या खाली गेली तर मात्र नक्की चुकलं आहे.

पॅसिफिक ओलांडणाऱ्या जोड्यांत, उदाहरणार्थ टोकियो-लॉस एंजेलिस, रेखांशांतला फरक १८० च्या वर येतो. या सूत्रात तो तसाच ठेवला तरी चालतं. अगदी जवळच्या दोन ठिकाणांसाठी, समजा गोव्यातल्याच दोन विमानतळांसाठी, हे सूत्र कमी अंकांच्या कॅल्क्युलेटरवर डगमगतं. तिथे हॅवरसाइन नावाचं दुसरं सूत्र घ्यावं. दूरच्या अंतराला त्याची गरज नाही.

पायरी ६: पडताळा

आधी कुंपण: १२,५३२ हा २,३९६ आणि १३,३७४ यांच्या मध्ये आहे. ठीक.

मग गुगल मॅप्सवर संगणकावरून उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल. तीच सर्वांत छोटी वाट, ती वाकडी दिसते कारण नकाशा सपाट आहे. छापील नकाशावर पट्टी ठेवून आणि खालचं प्रमाण वापरून अंतर काढणाऱ्यांनी इथे थांबावं: जगाच्या सपाट नकाशाचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, ध्रुवांकडे जाल तसं ते ताणलं जातं.

गोल असेल तर तो सर्वांत खात्रीचा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा घट्ट ताणा, तो साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दोरा कुठून जातो ते जरूर पाहा. मुलांना हे दाखवलं की विमान पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेकडे का निघतं, हा प्रश्न पुन्हा येत नाही.

तुमच्या १२,५३२ ऐवजी एखाद्या संकेतस्थळाने १२,५५१ सांगितलं तर कुणीच चुकलेलं नाही. पृथ्वीची विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांकडची ६,३५७ आहे. ही चपटी पृथ्वी धरून केलेला हिशेब १९ किलोमीटर जास्त देतो. गोल धरल्यामुळे येणारी चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. फरक त्याहून मोठा असेल तर कारण पृथ्वीचा आकार नाही, आधीच्या पायऱ्यांवर परत जा.

पायरी ७: एकक आकड्याला चिकटवूनच लिहा

साधा मैल १.६०९३४४ किलोमीटर, सागरी मैल नेमका १.८५२ किलोमीटर. दोघांत पंधरा टक्के फरक आहे. वैमानिक आणि उड्डाण-नियोजन सागरी मैलांत बोलतं, पॉइंटांच्या योजना साध्या मैलांत. १२,५३२ किलोमीटर म्हणजे ७,७८७ मैल, किंवा ६,७६७ सागरी मैल. वहीत नुसतं "मैल" लिहू नका.

पायरी ८: मध्ये थांबा असेल तर

प्रत्येक टप्पा वेगळा काढा आणि मग बेरीज करा. लंडनच्या हीथ्रोमार्गे गेलं तर ७,२१३ + ५,५३९ = १२,७५२ किलोमीटर. दुबईमार्गे १,९२६ + ११,००२ = १२,९२८. थेट वाटेपेक्षा लंडनमार्गे फक्त २२० किलोमीटर जास्त, दुबईमार्गे सुमारे ४००. नकाशा बघून लोकांना वाटतं लंडन किती आडवाटेला आहे. तसं ते नाही.

*तपासा:* टप्प्यांची बेरीज थेट अंतरापेक्षा कमी आली तर कुठला तरी टप्पा चुकला आहे. असं कधीच होऊ शकत नाही.

पायरी ९: प्रत्यक्ष विमान किती उडतं

काढलेलं अंतर ही किमान वाट आहे. प्रत्यक्षातली वाट नेहमी लांब असते, आणि किती लांब हे सूत्रातून निघत नाही.

मुंबई-जेएफकेची छोटी वाट मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघते. गुजरात, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्कोजवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढे आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर, आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला ती ६४.७ अंशांपर्यंत चढते, फॅरो बेटांच्या थोडं वर. या यादीतलं दुसरंच नाव बघा: सिंध, म्हणजे पाकिस्तान. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानकंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. फेब्रुवारी २०१९ नंतरही काही महिने हेच झालं होतं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये कुठल्या कंपनीचं विमान आहे यावर वाट बदलते. प्रवासाच्या आठवड्यात कुठलं आकाश उघडं आहे हे ताज्या बातम्यांत बघावं लागतं.

त्यात वारा. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात. वरच्या थरातला वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाताना जास्त वेळ आणि येताना कमी. वैमानिक मुद्दाम लांबची वाट घेऊन वेळ वाचवतात, हे नेहमीचंच.

त्यामुळे तिकिटावरच्या तासांना ताशी ९०० किलोमीटर या वेगाने गुणून अंतर काढू नका. त्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणंही धरलेलं असतं. शिवाय निघायची आणि पोचायची वेळ आपापल्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. तो एक तास विसरला तर तुमचं अंतर एका फटक्यात ९०० किलोमीटरने हलतं.

खरंच उडालेली वाट हवी असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाची मागची काही उड्डाणं उघडा. एकाच दिवसाची वाट बघून निष्कर्ष काढू नका. चार-पाच दिवसांच्या वाटा एकमेकींवर ठेवून बघा, आणि जातानाची वाट येतानाच्या वाटेत मिसळू नका.